बेटावरचा ठराव

ऊसतोडीवरून परत येणाऱ्या माणसाला आपलं गाव आधी वासानं कळतं. वनमालाला यंदा ते विजयसिंहांच्या दातांवरून कळलं. फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स लागला होता आणि त्यावर ढवळटेकचे सरपंच विजयसिंह हात जोडून, बत्तिशी दाखवत उभे होते. त्यांच्या मागे काचेची तीन मजली इमारत होती. तसली इमारत गावात काय, सगळ्या पंचक्रोशीत नव्हती. खाली लिहिलं होतं, 'नियोजित भव्य ग्रामसचिवालय व व्यापारी संकुल. जागा : जुनी ग्रामपंचायत.' त्याच्याही खाली नऊ सदस्यांची तोंडं पोस्टाच्या तिकिटाएवढी छापली होती. त्यातलं तिसरं तोंड वनमालाचं होतं.

ती ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसली होती. सहा महिने कर्नाटकात कोयता चालवून आलेली बाई, वाचायची ती अक्षराला अक्षर जोडून. तिनं फ्लेक्स दोनदा वाचला आणि शेजारी पेंगत बसलेल्या नवऱ्याला, शहादेवाला, कोपरानं ढोसलं.

"जुनी ग्रामपंचायत म्हंजी बेटच की ओ?"

"दुसरी कोणती हाय गावात?"

"मग बेट पाडायलेत का काय?"

"मला काय विचारतीस? सदस्य तू हायस."

एवढं बोलून शहादेव पुन्हा पेंगायला लागला. वनमालाला मात्र ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. सदस्य ती होती आणि तिला ठाऊक नव्हतं.

आता बेट म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर या बाईचं डोकं कशानं फिरलं ते कळायचं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारनं गावोगाव कामं काढली. कुठं रस्ता, कुठं पाझर तलाव. शिरूर कासारच्या अंगाला, माळावर वसलेल्या ढवळटेकला राधाकिशन नावाचा तरणा ओव्हरसियर आला. मूळचा घाटनांदूरचा. रस्त्याबरोबर त्याच्याकडे ग्रामपंचायतीची कचेरी बांधायचंही काम होतं. दुसऱ्या कुणीही चार भिंती, वर पत्रा आणि पुढं दार करून हात झटकले असते. पण या गड्याच्या खिशात इंग्रजी मासिकातून कापलेलं एक चित्र होतं. पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांवर तेव्हा नुकतीच विधानसभेची नवी इमारत उभी राहिली होती, तिचं. भोवती पाण्याचा तलाव, माडाच्या बुंध्यासारखे उंच खांब, आत ज्वालामुखीच्या डोंगरासारख्या कलत्या भिंतींची दोन सभागृहं, आणि मधोमध मोठा चौक. चौकाला छप्पर नाही. दारही नाही, चहूबाजूंनी यावं आणि जावं. पोरगा त्या चित्रावर असा भाळला होता की प्यायला पाणी नसलेल्या गावात त्यानं तीच इमारत लहान करून बांधायला घेतली.

गावानं मनसोक्त चेष्टा केली. चित्रातल्या बेटावरून कचेरीचंच नाव बेट पडलं, आणि तिच्या कलत्या भिंतींच्या दोन खोल्यांना लोक चुन्याच्या भट्ट्या म्हणायचे. भोवतीचा कोरडा हौद बघून म्हातारे विचारायचे, यात काय मासे पाळायचे की सरपंच पोहायला लावायचा? पण हसता हसताच सगळ्यांनी खडी फोडली. वनमालाची सासू छबुबाई तेव्हा वीस वर्षांची होती आणि शहादेव तिच्या पोटात होता. खांबांच्या काँक्रिटला लागलेली खडी तिच्या हातची. राधाकिशनला एकानं विचारलं होतं, साहेब, समदं खरं, पण दार कुठं ठेवलंय? तो म्हणाला होता, "तिकडं दार ठेवत न्हाईत. आपल्याच कारभाऱ्यापाशी जायला माणसानं दार कावून वाजवायचं?" हे वाक्य छबुबाईनं पन्नास वर्षांत निदान पाचशे वेळा सांगितलं असेल.

आणि मग त्या वेड्या इमारतीची गावाला सवय लागली. कोरड्या हौदात पुढं टँकर रिकामा व्हायला लागला आणि ऊसतोड्यांच्या माळवाडीपासून मोठ्यांच्या गढीपर्यंतच्या सगळ्या बायका एकाच काठावर घागरी टेकवायला लागल्या. सभा चौकातच, उघड्यावर भरायची. ऊन लागलं तर सगळ्यांना सारखं लागायचं, पाऊस आला तर सरपंचाचंही धोतर भिजायचं. त्यातूनच गावात दस्तूर पडला की आभाळाखाली वाचला नाही तो ठराव नाही. वनमाला नवी नवरी होऊन आली तेव्हा तिलाही ही कचेरी बघून हसू आलं होतं. पण सही करायला ती त्याच चौकात शिकली. साक्षरतेच्या वर्गाला सासूनं तिला ढकलत नेलं होतं. भाकरी मी थापते, तू जा, म्हणाली होती. पुढं राखीव जागेवर वनमाला निवडून आली, तेव्हा छबुबाईनं चौकात पेढे वाटले होते.

ट्रॉली घरापुढं थांबली तशी वनमाला सामान न उतरवताच बेटाकडे निघाली. चौकात नेहमीची मंडळी होती. मुलंसुना ऊसतोडीला गेल्यावर मागं राहिलेली म्हातारी माणसं दिवसभर इथंच खांबांच्या सावलीत बसतात. सावली सरकेल तशी सरकत जातात. एका खांबाच्या बुडाशी छबुबाई बसली होती. शेजारी तिची मैत्रीण मंजुळाबाई. सहा महिन्यांनी सून दिसली तर म्हातारी तोंड भरून बोलेल, असं वनमालाला वाटलं होतं. पण छबुबाईनं मान फिरवली.

"आत्याबाई, बऱ्या हायत ना?"

वनमाला पाया पडली तर म्हातारीनं पाय आखडून घेतले.

"ती न्हाई बोलायची तुझ्यासंगं," मंजुळाबाई म्हणाली. "संक्रांतीपासून धुमसतीय. बेट पाडायचा ठराव झालाय आणि त्याच्यावर तुझी सही हाय म्हणं."

"माझी? मी तर गावातच नव्हते."

तेव्हा छबुबाई बोलली, पण खांबाकडे बघून. "सही करायला शिकवली हुती. हेच करायला शिकवली का, ते इचार तिला."

रागाचे दोन प्रकार असतात. एक पेटतो आणि विझतो. दुसरा चुलीच्या वैलावर ठेवलेल्या दुधासारखा हळूहळू तापत राहतो. वनमालाचा राग तिथून जो तापायला लागला तो तिला खोलीपर्यंत घेऊन गेला. डाव्या भट्टीत ग्रामसेवक सोमनाथ बसायचा. स्वभावानं भित्रा, बदलीच्या धाकानं सरपंचाच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस. तिला बघून तो उठून उभा राहिला, आणि तिथंच तिला कळलं की पाणी मुरलंय.

"भाऊसाहेब, ठरावाचं बुक काढा."

"वनमालाताई, आजच आलात, जरा इसावा तरी..."

"बुक काढा."

सोमनाथनं कपाट उघडलं. लाल फडक्यात बांधलेलं इतिवृत्ताचं जाड बुक टेबलावर ठेवलं आणि पान उघडून तोंड खिडकीकडे केलं. वनमाला बोट ठेवून वाचू लागली. दिनांक चौदा जानेवारी. सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीच्या चौकात सभा भरली. जुनी इमारत धोकादायक व गैरसोयीची असून तिला दरवाजादेखील नाही, सबब ती पाडून त्या जागी नवीन बांधकाम करण्यात यावे. सूचक, सौ. वनमाला शहादेव. अनुमोदक, सौ. भिवराबाई.

म्हणजे नुसती सही नव्हती. बेट पाडा, असं वनमालानंच सुचवलं होतं. आणि माळवाडीचीच दुसरी सदस्य भिवराबाई, जी चौदा जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, फडावरच्या पाचटाच्या कोपीच्या दारात तिला तिळगूळ देत होती, तिनं त्याला अनुमोदन दिलं होतं. दोघी तेव्हा कर्नाटकातल्या फडात होत्या.

खाली सही होती. सही खोटी असती तर बरं झालं असतं. पण 'व'चं ते फुगलेलं पोट, 'म'ला लागून 'ल'ची ओढलेली शेपूट, सगळं तिचंच होतं. एका क्षणात तिला सगळं आठवलं. दसरा झाल्यावर ट्रक निघायच्या दिवशी सोमनाथ हेच बुक घेऊन माळवाडीवर आला होता. इंजिन सुरू, शेळी वर चढेना, शहादेव ओरडत होता. सोमनाथ म्हणाला होता, ताई, सहा महिने सभेला गैरहजर राहिलात तर पद जाईल, दर महिन्याची एक अशा सात सह्या करून ठेवा. माळवाडीच्या सदस्यांनी नेहमी असंच केलेलं. बाई ऊसतोडीला गेली तर पद जातं आणि नाही गेली तर चूल विझते, मग काय करणार? तिच्या आधीच्या सदस्यानं केलं, भिवराबाईनं केलं, तिनंही केलं. ट्रकच्या चाकावर बुक टेकवून, कोऱ्या पानांच्या तळाशी, एकाखाली एक नाही, तर एकेका पानावर, सात सह्या. तिला तेव्हा अभिमानच वाटला होता की आपली सही सातही वेळा सारखी आली.

तिनं पुढचं पान उलटलं. व्यापारी संकुलातले गाळे वाटपाचे अधिकार सरपंचांना. खाली तिची सही. त्याच्या पुढचं पान. सरपंच विजयसिंह यांच्या कर्तृत्वाबद्दल अभिनंदनाचा ठराव, सूचक सौ. वनमाला. ही मात्र हद्द झाली. गावाचं नाक कापून घेतलं आणि वर कापणाऱ्याच्या गळ्यात तिच्याच हातानं हार घातला.

"चोरानं चोरी करावी भाऊसाहेब, पण मालकाच्या हातून शाबासकी लिहून घेऊ नये."

सोमनाथ हळू आवाजात म्हणाला, "मी काय करू ताई? सरपंच आबांनी वाड्यावर बसून सांगितलं, मी लिहिलं. तुमी आता गप राहिलेलंच बरं. सही खोटी म्हणालात तर तपासणीला जाईल आणि खरी निघंल. खरी म्हणालात तर ठराव खरा. आणि कोऱ्यावर केली म्हणालात, तर त्या सभांना तुमी नव्हतात असं होतंय. मग तुमचं पद गेलं. माझी नोकरी गेली ते येगळंच."

त्यानंतर वनमाला तडक विजयसिंहांकडे गेली. ते ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. माणूस गोड होता, हे शत्रूनंही कबूल करावं. कुणाला अरे म्हणायचे नाहीत, पण कुणाला कारेही करू द्यायचे नाहीत. त्यांनी चहा मागवला.

"वहिनी, रागावलात व्हय? फ्लेक्सवर फोटू बारका आलाय म्हणून?"

"आबा, मी बेट पाडा म्हणून कधी सुचवलं?"

"सही तुमचीच हाय ना?"

"हाय."

"मग झालं. म्हंजी सुचवलं." ते हसले. "अहो, काय ठिवलंय त्या भट्ट्यांत? सळया उघड्या पडल्यात, पावसात कागदं भिजतेत, कुत्री येऊन झोपतेत. दिंद्रुडकडचे पाव्हणे आलते, म्हणाले, आबा, ही कचेरी हाय का बसस्टँड? आता नवं होईल. काच लागंल, गेट लागंल, वॉचमन बसंल. मान राहतो गावाचा."

सळया उघड्या पडल्या होत्या, हे खरंच होतं. पण पंधरा वर्षं सरपंचकी यांच्याच घरात होती आणि पंधरा वर्षांत एका खांबाला यांनी सिमेंटचा हात फिरवला नव्हता. आधी म्हशीला उपाशी मारायचं आणि मग म्हणायचं, मेलेलीच होती.

"गेट लागल्यावर आमी आत कसं यायचं?" वनमालानं विचारलं.

"टायमात यायचं. नाव लिवायचं, बसायचं, बोलावलं की जायचं. समद्या देशात असंच असतंय." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "हे बघा, कोनशिलेवर सूचक म्हणून तुमचं नाव पयलं. संगमरवरात. आणि एक गाळा शहादेवला. एक मेला नारळ फोडायचा, जेसीबी सांगून ठिवलाय. त्या दिवशी फकस्त गप बसायचं. न्हाईतर तुमचंच पद जातंय वहिनी, माझं कायबी जात न्हाई."

चहा आला होता. वनमालानं तो तसाच ठेवला आणि उठली. तिच्या रागाला आता तोंड फुटत नव्हतं, कारण अर्धा राग झोपाळ्यावरच्या माणसावर होता आणि अर्धा ट्रकच्या चाकाशी वाकून सात वेळा सही करणाऱ्या बाईवर. पहिल्याला शिव्या देता येत होत्या. दुसरीचं काय करायचं ते कळत नव्हतं.

घरी शहादेवानं सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत राहिला. गाळ्याचं त्याला आकर्षण नव्हतं असं नाही, पण त्याला दुसरंच लागलं होतं.

"पद सोडू नकोस," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, मुकादम मला शहादेवराव म्हणतोय. त्याच्या आधी बे शाद्या म्हणायचा. त्याच्या बापानं माझ्या बापाला तसंच म्हटलं."

जे तो बोलला ते पोटातून बोलला होता. मुकादमापुढं, तलाठ्यापुढं, दवाखान्यात, सगळीकडे ती 'मेंबरबाई' झाली होती आणि ते तिलाही हवंहवंसं होतं. खोटं कशाला बोला? तीन आठवडे ती गप्प राहिली. छबुबाई तिच्या हातची भाकरी खायची, पण बोलायची नाही. रोज सकाळी काठी टेकत बेटावर जायची आणि दिवस मावळल्यावर यायची. एकदा भाजी वाढताना वनमाला म्हणाली, "आत्याबाई, मी वाचून सही नव्हती केली." म्हातारी ताटातून मान वर न करता म्हणाली, "मग अंगठा काय वाईट हुता?"

त्या रात्री वनमालाचं ठरलं.

एक मेला सकाळी चौकात झेंडावंदन झालं. शाळेची पोरं जिलबी घेऊन पांगली. हौदापलीकडे जेसीबी उभा होता. त्याला हळदीकुंकू लावलं होतं आणि सोंडेत झेंडूचा हार अडकवला होता. विजयसिंह पांढऱ्याफेक कपड्यांत खुर्चीवर बसले. सतरंजीवर निम्मं गाव होतं. ऊसतोडीवरून माणसं परत आलेली असल्यामुळे माळवाडीही होती, आणि छबुबाई आपल्या खांबाशी बसली होती. सोमनाथनं उठून भरभर सुरुवात केली.

"विषय क्रमांक एक, मागील सभांचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचलं असं समजून कायम करण्यात येत आहे. विषय क्रमांक दोन..."

"वाचा," वनमाला म्हणाली.

ती उभी राहिली होती. विजयसिंहांनी हसून हात हलवला. "वहिनी, उन्हं वाढायलेत. माणसं बेजार होतील."

"आभाळाखाली वाचला न्हाई तो ठराव न्हाई. गावाचा दस्तूर हाय. वाचा भाऊसाहेब."

माळवाडीतून दोघातिघांनी, वाचू द्या की, म्हटलं. सोमनाथ वाचू लागला तेव्हा त्याचा आवाज विहिरीत पडल्यासारखा येत होता. चौदा जानेवारी. सकाळी अकरा. चौकात सभा भरली. तेवढं वाचल्यावर खांबाकडून मंजुळाबाई मोठ्यानं म्हणाली, "आमी म्हातारी माणसं रोज हितंच असतो. संक्रांतीला हितं सभा कोणी भरवली? भुतांनी?" लोक हसले. सूचक, सौ. वनमाला शहादेव, हे सोमनाथनं वाचलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"सही माझी हाय," वनमाला म्हणाली. "कोणी खोटी केलेली न्हाई. दसऱ्यानंतर ट्रक निघताना मी कोऱ्या सात पानांवर सात सह्या केल्या. पद जाऊ नये म्हणून केल्या. वर काय लिहितील ते इचारलं न्हाई. संक्रांतीला मी फडात हुते, आणि तिथनं बेट पाडायचा ठराव मांडला. आबांचं अभिनंदनबी मीच केलंय, पुढच्या पानावर. ते पण वाचा."

विजयसिंह उठले. आवाजातला गूळ आता संपला होता. "म्हंजी सभेला गैरहजर हुतीस, असं कबूल करतीस?"

"करते. सहाही महिने."

"मग तुझं पद गेलं. समद्या गावादेखत गेलं."

"गेलं," ती म्हणाली. मागे बसलेल्या शहादेवानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिला. तिनं एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

तेवढ्यात सतरंजीच्या टोकाला भिवराबाई पदर खोचत उठली. "माझी बी कोऱ्यावरच हाय. मी बी नव्हते. माझं बी लिवा." मग खालमानेनं तिसरा, माळवाडीचाच एक सदस्य, उठला. नऊ सदस्यांपैकी सभेला पाच लागतात. ठरावाखाली सात सह्या होत्या, तिघांच्या वजा केल्यावर चारच उरत होत्या, आणि एवढा हिशेब सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला येत होता.

वनमाला सोमनाथच्या टेबलाशी गेली. तिनं बुक आपल्याकडे ओढलं आणि पानं उलटली. तीन पानं भरलेली होती. चौथ्या पानावर वर काहीच नव्हतं आणि खाली तिची सही होती. पाचव्यावर तेच. सहावं, सातवं. चार पानं अजून कोरी होती, कुणाच्याही मर्जीनं बोलायला तयार. तिनं सोमनाथच्या हातातला पेन घेतला आणि चौथ्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढली. मग उलटी दुसरी. कागद फाटेल इतक्या जोरानं. चारही पानांवर तिनं तेच केलं, तोवर तिला अडवायला विजयसिंह पुढं आले.

"सरकारी बुक हाय ते. हात लावू नकोस. आता तू सदस्य न्हाईस, हितं उभं ऱ्हायचा हक न्हाई तुला. हो बाहेर."

वनमालानं पेनचं टोपण लावलं. मग ती वळली आणि चौकाच्या चारही बाजूंना बघितलं, जणू खरोखरच काही शोधत होती.

"हुते की बाहेर," ती म्हणाली. "दार दाखवा आबा. कुठनं जाऊ?"

विजयसिंहांनी बोट उचललं, पण ते रोखायला दार कुठंच नव्हतं. खांबांमधून चहूकडे गाव दिसत होतं, हौद दिसत होता, आणि जेसीबीच्या सोंडेतला झेंडूचा हार एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून खात होती. आधी मंजुळाबाई हसली. मग ते हसू सतरंजीभर पसरलं, आणि त्यात जिलबीपेक्षा तिखटच जास्त होतं. पंधरा वर्षं ज्या माणसापुढं गाव मान खाली घालून होतं, त्याला त्या हसण्यातून वाट काढत हौदापलीकडे जावं लागलं. जेसीबीवाल्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारताच गाडी सुरू करून मागं घेतली.

वनमाला बसायला जागा शोधू लागली. सदस्यांच्या रांगेत आता बसता येत नव्हतं. छबुबाईनं काठी बाजूला घेतली आणि खांबाच्या सावलीत थोडी सरकली.

"हितं बस. तिकडं ऊन हाय."

गावी आल्यापासून म्हातारी पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड करून बोलली होती. वनमाला तिच्याजवळ बसली. पद गेल्याचं पाणी तेव्हा कुठं डोळ्यांत आलं आणि तिनं ते पदरानं पुसलं.

टेबलाशी सोमनाथ एकटाच उभा होता. "ताई," त्यानं विचारलं, "आजच्या ग्रामसभेचं काय लिहू?"

"झालं ते लिवा. सगळं. माझी चूक बी लिवा."

"आणि हजेरीला गावकऱ्यांच्या सह्या लागतील. तुमची घेऊ?"

"आधी लिवा," वनमाला म्हणाली. "मग वाचून दाखवा. मग करते."